ओमुसोबा 'गुंडाळायचा' की 'दुमडायचा'? योग्य क्रियापद हवंय

ओसाकाकर_ओवी: मंडळी, अडलेय. इथे जपानात शेजारच्या आजींनी मला ओमुसोबा शिकवला, म्हणजे कोबी-कांदा घालून सॉसमध्ये परतलेले नूडल्स आणि त्यांना अंड्याचं पातळ वेष्टण. मी आईला सांगलीला रेसिपी लिहून पाठवली, त्यात लिहिलं 'तळलेले नूडल्स ऑम्लेटमध्ये गुंडाळा'. आईने खरंच कढईत तेल तापवून नूडल्स तळून काढले आणि ऑम्लेट सतरंजीसारखं गुंडाळायला गेली, तर ते मधोमध फाटलं. फोनवर इतकी खट्टू झाली होती! चूक माझ्या शब्दांची. 'परतलेले' लिहायला हवं होतं हे कळलं, पण 'गुंडाळा'च्या जागी काय? कृती अशी: २ अंडी, मीठ, चमचाभर पाण्यात कालवलेला थोडा बटाट्याचा स्टार्च (याने फाटत नाही). मोठ्या पॅनमध्ये पातळ पसरायचं, काठ सुटले पण वरून अजून ओलसर आहे तेवढ्यात मधोमध नूडल्स ठेवायचे, दोन्ही बाजू आत घ्यायच्या आणि पॅन ताटलीवर उपडा करायचा, म्हणजे जोड खाली जातो.

दर्यावर्दी: दुमडा. आम्ही मालवणात घावन दुमडतो, गुंडाळत नाही. गुंडाळण्यात वेढे येतात, चटई गुंडाळतात, गाशा गुंडाळतात.

ओसाकाकर_ओवी: पण दुमडलं की घावनासारखी एकच घडी डोळ्यापुढे येते ना दादा. इथे दोन्हीकडून झाकलं जातं.

शुद्धमती: क्रियापदाआधी नामांचं बघा. नूडल्स कशाला, शेवया म्हणा. ऑम्लेट कशाला, आमच्या आजीच्या तोंडी कायम 'अंड्याची पोळी' होती. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी का?

मुळाक्षर: ताई, शेवयांना माझा विरोध, कारण शेवया म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे खीरच येते. पण अंड्याची पोळी फार नेमकं आहे. माझे वडील आम्लेट हे 'आम्ल'वरून आलं असं सांगायचे, ते मात्र खरं नाही. फ्रेंच शब्द आहे तो, मूळ लॅटिन 'लामेल्ला', म्हणजे पातळ पत्रा. त्याचं जपानीत 'ओमुरेत्सु' झालं आणि त्याचं शेपूट तोडून 'ओमु'. असल्या पातळ अंड्याला जपानीत 'उसुयाकी तामागो' म्हणतात, 'उसुइ' म्हणजे पातळ. म्हणजे तिकडेही पोळीच की!

भाकरतुकडा: 'सोबा'बद्दल कुणी बोलत नाहीये. सोबा म्हणजे आपलं उपासाचं कुट्टू. पण याकिसोबाचे, म्हणजे ओवीच्या या परतलेल्या नूडल्सचे, नूडल्स गव्हाचे असतात, त्यात कुट्टू नावालाही नाही. मग नावच चुकीचं नाही का?

मुळाक्षर: हाच वाद खुद्द जपानात झालाय. ओकिनावाचा सोबा पण गव्हाचाच. १९७६ साली तिथल्या व्यापार आयोगाने हरकत घेतली की ३० टक्के कुट्टू नसेल तर सोबा म्हणता येणार नाही. ओकिनावाचे लोक हटले नाहीत, आणि १७ ऑक्टोबर १९७८ ला नाव मान्य करून घेतलं. तो दिवस तिकडे 'ओकिनावा सोबा दिन' म्हणून पाळतात. लोक म्हणतात तो शब्द, माझ्यासाठी विषय संपला.

शुद्धमती: संपला कसा? उद्या कुणी कशालाही काहीही म्हणेल.

भाकरतुकडा: म्हणतोच की आपण. साबुदाण्याच्या खिचडीत तांदूळ कुठे आणि डाळ कुठे? आणि साबुदाणा म्हणजे मुळात सागो नावाच्या ताडाचा, आपल्याकडचा असतो टॅपिओकाचा. दोन्ही शब्द 'चुकीचे', आणि चतुर्थीला घरोघरी शिजतात. माझी हरकत मी मागे घेतो.

शुद्धमती: खिचडीचं मान्य. नूडल्सचं नाही.

दर्यावर्दी: उसनवारीचंच म्हणाल तर पाव पण पोर्तुगीज. आणि जपानी लोक ब्रेडला 'पान' म्हणतात तेही त्याच पोर्तुगीज शब्दावरून. जहाजावर असताना योकोहामाला एका दुकानात याकिसोबा-पान खाल्ला होता, लांब पावाला चीर देऊन आत परतलेले नूडल्स आणि वर लाल आलं. पावात नूडल्स, मला लगेच वडापाव आठवला आणि घरची इतकी आठवण आली की काय सांगू.

ओसाकाकर_ओवी: सगळं वाचतेय, खूप नवीन कळलं. पण क्रियापद? मला 'पांघरवा' सुचतंय. नूडल्सवर अंड्याची पोळी पांघरवा.

सुगरण_काकू: पांघरूण वरून घालतात गं, तू तर खालून वर घेतेयस. आपण करंजी, मोदक करताना काय म्हणतो? सारण भरून कडा 'मिटवा'. माझं मत मिटवा. आणि आईला सांग नूडल्स आधी थोडं पाणी शिंपडून मोकळे करायचे, सॉस अगदी शेवटी, पाणी आटल्यावर, नाहीतर पोळी ओली होऊन फाटणारच. कडा आत घेताना हात घालू नको, कालथा वापर.

दर्यावर्दी: काकू, कालथा? उलथणं म्हणा. कालथा घाटावरचा.

सुगरण_काकू: मी जन्मापासून गुहागरची आहे, आमच्याकडे कालथाच. उलथणं म्हणजे लांब दांड्याचं, पितळी, वेगळं.

मुळाक्षर: उलथणं हे उलथवणे वरून हे तर स्पष्ट आहे, पण कालथा कुठून? कालवणे शी काही नातं असेल का?

शुद्धमती: आमच्याकडे विदर्भात सराटा. आणि तो या दोन्हींपेक्षा जुना असणार.