फुटबॉल सामन्याची वेळ मोजणाऱ्या यांत्रिक घड्याळाविषयी मदत हवी आहे

नमस्कार. रिचर्ड मिल कंपनीने इटालियन प्रशिक्षक रॉबेर्तो मान्चिनी यांच्या नावाने काढलेल्या आरएम ११-०१ या घड्याळाचा मी सध्या अभ्यास करीत आहे. नेहमीच्या क्रोनोग्राफमध्ये (म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळात) मिनिटांची तबकडी बहुधा ३० मिनिटांची असते. इथे मात्र ४५ मिनिटांचा अर्धा डाव आणि त्यापुढचा भरपाईचा वेळ एकाच काट्याने वाचता येतो. पंच खेळ थांबला तरी घड्याळ थांबवत नाहीत, वाया गेलेला वेळ शेवटी जोडतात, त्यामुळे ही मांडणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

माझी अडचण फ्लायबॅकविषयी आहे. चालू काटा एकाच दाबात शून्यावर येऊन लगेच पुन्हा धावू लागतो हे समजले, पण मध्यंतर १५ मिनिटांपर्यंतचे असताना, आधी थांबवून शून्यावर आणण्याच्या साध्या पद्धतीपेक्षा याचा प्रत्यक्ष सामन्यात नेमका कोणता फायदा होतो? शिवाय काटा चालू असताना वारंवार कळ दाबल्याने आतील तरफा आणि चाके लवकर झिजतात का? घड्याळदुरुस्तीचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर सांगावे.