घरी वाईन सेलर करायचंय (नाशिक), काचेची भिंत करू की तळघरातच ठेवू?

गंगापूररोडची_मी

नमस्कार मंडळी. आमच्या बंगल्याचं रिनोव्हेशन काढलंय, गंगापूर रोडला. प्लॉट उताराचा आहे म्हणून जिन्याखाली एक अर्धी जमिनीत गेलेली खोली आहे, साधारण 8 बाय 6 फूट, उंची 8 फूट. आत्तापर्यंत तिथे अडगळ होती. मला आणि नवऱ्याला वाईन मनापासून आवडते, इथल्या वाईनरीत जाऊन जाऊन हळूहळू बाटल्या जमल्यात आणि त्या सध्या किचनच्या वरच्या कपाटात आहेत, जिथे एप्रिल-मे मध्ये काय गरम होतं ते नाशिककरांना सांगायला नको. तर त्या खोलीचं छान सेलर, म्हणजे वाईन गार आणि अंधारात ठेवायची खोली, करावं असं मनात आहे, दीडशे-दोनशे बाटल्यांचं.

इंटेरियरवाल्याने जे फोटो दाखवले त्यात सगळीकडे जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत आणि प्रत्येक बाटलीमागे एलईडी पट्टी आहे. दिसतं सुंदर यात वाद नाही. पण माझे प्रश्न असे की एक तर तळघरच आहे म्हटल्यावर ते आपोआप गार राहील ना? आणि नाही राहिलं तर एक टनाचा साधा स्प्लिट एसी पुरेल का? काच करावी का? आणि रॅक कशाचे करावेत? आई-बाबा आमच्याकडेच असतात, देवघर वरच्या मजल्यावर ईशान्येला आहे, त्यामुळे त्या बाजूने कोणाचा काही आक्षेप नाही, आईंनी तर उलट 'करायचंच तर नीट करा' असं सांगितलंय.

कोल्डरूमवाला_पिंपळगाव

ताई आमचं काम द्राक्षांच्या प्रीकूलिंग (तोडणीनंतर लगेच गार करणं) आणि कोल्ड स्टोरेजचं, पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो कारण तिथेच लोकांचे पैसे जातात.

तळघर आपोआप गार राहील हे आपल्याकडे खरं नाही. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं होतं आणि तिथेच थांबतं. युरोपात ही सरासरीच 10-12 अंश असते म्हणून तिथली तळघरं फुकटात सेलर होतात. नाशिकची सरासरी 24-25 च्या आसपास, आणि तुमची खोली तर अर्धीच जमिनीत. म्हणजे वाईनला हवेत 12 ते 14 अंश आणि तुमची जमीन देणार पंचवीस. दुपारच्या झळा लागणार नाहीत एवढाच फायदा, पण तोही कमी नाही, त्यामुळे जागा चांगली निवडलीय.

साधा एसी लावू नका. एक तर तो 16 च्या खाली सेट होत नाही, जबरदस्ती केली तर कॉइलवर बर्फ धरतो, आणि हवेतलं पाणी इतकं काढतो की खोली कोरडी पडते. वाईनला 60-70 टक्के आर्द्रता पाहिजे नाहीतर बुचं बाहेरून सुकतात. सेलरसाठी वेगळं कूलिंग युनिट मिळतं, कॉइल मोठी, गार हवा हळू, ते घ्या. आणि युनिट गरम हवा कुठे टाकणार ते आधीच ठरवा, जिन्याखालीच टाकली तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसेल, बाहेरच्या भिंतीला पाइप काढा. ड्रेनचा पाइप पण आत्ताच, फरशी बसायच्या आधी.

आता मुख्य गोष्ट, इन्सुलेशन. तुमच्या खोलीच्या चार भिंती, छत आणि जमीन मिळून 320 स्क्वेअर फूट होतात. नुसती नऊ इंची विटेची भिंत ठेवली आणि बाहेर पस्तीस, आत तेरा असं धरलं तर तेराशे वॅटच्या आसपास उष्णता सतत आत येत राहणार. त्याच भिंतींना 80 मिमीचं पफ पॅनल (फोम भरलेली इन्सुलेशनची पाटी) लावलं तर दोनशेच्या आत येते. म्हणून युनिट मोठं घेण्यापेक्षा पॅनल जाड घ्या, वीजबिल आयुष्यभर कमी येईल. जमिनीला आणि छताला पण पाहिजे बरं का, लोक चार भिंती करतात आणि खालची फरशी तशीच सोडतात. बाष्परोधक थर (हवेतली ओल अडवणारा) गरम बाजूला म्हणजे पॅनलच्या बाहेरून, मूळ भिंतीच्या बाजूला. उलट लावला तर पावसाळ्यात पॅनलमागे पाणी धरणार आणि बाहेरून कळणार पण नाही.

पफ पॅनलसाठी कुठे पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, द्राक्षाची कोल्ड स्टोरेजं बांधणारी पोरं आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि त्यांना शून्य अंशाचं काम येतं, तेरा अंश त्यांच्या हातचा मळ आहे.

शिल्पा_आर्किटेक्ट

वरच्या दादांनी पाया एकदम बरोबर सांगितला, मी दिसण्याचं बोलते, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत हे आधी सांगते.

काचेची अख्खी भिंत नको. तुमची 8 बाय 8 ची भिंत डबल काचेची केली तरी तिच्यातून जेवढी उष्णता आत येईल ती बाकी सगळ्या इन्सुलेटेड भिंती, छत, जमीन मिळून येते त्याच्या जवळपास दुप्पट असेल. आणि दुसरं म्हणजे पावसाळा. जुलैत हवा 25 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असली की साधारण 22 अंशाच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. सिंगल काच तर गार पाण्याच्या तांब्यासारखी घामाघूम होणार, साधी डबल काचसुद्धा कडेकडेने धुरकट होते. म्हणजे जी काच बघायला केली तिच्यातून जून ते सप्टेंबर काही दिसायचंच नाही. लो-ई कोटिंगची (उष्णता परतवणारा पातळ थर दिलेली), मध्ये आर्गॉन वायू भरलेली डबल काच घेतली तर हे टळतं, पण ती महाग, म्हणून ती लहान घ्या. माझा सल्ला विचाराल तर फक्त दारात दीड-दोन फूट रुंदीची उभी पट्टी. त्यातून आतला मंद उजेड दिसतो आणि मला विचाराल तर तेच जास्त सुंदर दिसतं.

बाटलीमागची एलईडी पट्टी पूर्ण रद्द करा. प्रकाश, विशेषतः निळा आणि अतिनील, वाईनला खरंच बिघडवतो, पारदर्शक काचेच्या बाटलीतल्या रोझे (गुलाबी) आणि स्पार्कलिंग (फेसाळ) वाईनला तर सगळ्यात आधी, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. वॉर्म रंगाचा दिवा, खालच्या बाजूला लपवलेला, दार उघडल्यावर लागेल आणि बंद केल्यावर जाईल असा, बस.

आता रॅक. यात मला खूप बोलायचंय. प्रत्येक जण इटलीतलं काहीतरी करायला जातो आणि आपल्याकडे काय आहे ते विसरतो. आपल्या वाड्यांत कोनाडे होते, बळदं (भिंतीतली धान्याची कोठारं) होती, तळघरं होती, सामान गार आणि अंधारात ठेवायची आपली स्वतःची पद्धत आहे. तुमच्या एका भिंतीला पॅनलच्या आतून काळ्या कडप्प्याचे उभे-आडवे तुकडे लावून कोनाडे करा, प्रत्येक कोनाड्यात बारा बाटल्या आडव्या एकावर एक. कडप्पा ओलीला घाबरत नाही, वास देत नाही, वजन सहज पेलतो, आणि दगड एकदा गार झाला की लवकर तापत नाही. दुसऱ्या भिंतीला चार इंची मातीचे पाइप आडवे रचून प्रत्येकात एक बाटली, हे फार देखणं दिसतं आणि जाड पोटाची बर्गंडी बाटलीसुद्धा आत जाते. लाकूड वापरायचं तर सागवान. एमडीएफ अजिबात नको, फुगतं. मरीन प्लाय चालेल पण कडा बंद करा. पॉलिश पाण्याच्या बेसचं, आणि बाटल्या ठेवायच्या आधी वास पूर्ण जाऊ द्या, कापूर, नॅफ्थलीन, तीव्र वासाचं काही आत नको.

हिशोब पण सांगते. पातळ बाटलीला चार इंच धरले तर एका स्क्वेअर फुटात नऊ बसतात. दोनशे बाटल्यांना भिंतीचे पंचवीस स्क्वेअर फूट पुरतात! पाइप असतील तर पस्तीसेक. म्हणजे अख्खी खोली गार करायची गरजच नाही. अर्धी खोली, समजा 4 बाय 6, सेलर करा आणि उरलेल्यात एक छोटं टेबल, दोन स्टुलं, ग्लास ठेवायचा कोनाडा आणि शहाबादी फरशी. 13 अंशात बसून कोणी वाईन पीत नाही, पाय गारठतात, त्यामुळे बसायची जागा बाहेरच हवी. जुना वाडा पाडताना निघालेलं सागवानी दार मिळालं तर ते बाहेरच्या बाजूला लावा आणि आतून इन्सुलेटेड पॅनल, सगळीकडून गॅस्केट (फटी बंद करणारी रबरी पट्टी).

आणि सगळ्यात आधी वॉटरप्रूफिंग. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि पाणी ढकलते. बाहेरच्या बाजूने शहाबादीचं बॉक्स टाइप (पेटीसारखं तळाला आणि भिंतींना वेढणारं) वॉटरप्रूफिंग नसेल तर आतून काहीही केलं तरी ओल येणार. तुमचं आधीचं बांधकाम बघितल्याशिवाय मी यावर जास्त बोलणार नाही, पण एक पूर्ण पावसाळा ती खोली रिकामी ठेवून बघा असं मनापासून सांगते.

दिंडोरीचा_तळघरातला

मी वाईनरीत सेलरमध्ये काम करतो. शिल्पाताईंचं सगळं पटलं, फक्त वाईनच्या बाजूने थोडं.

आधी ठरवा की ठेवणार काय आहात, कारण त्यावर सेलर ठरतं. आपल्याकडची शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यों ब्लाँ (या दोन्ही व्हाइट), रोझे, या ताज्या पिण्याच्या वाईन्स, एक-दोन वर्षांत संपवा, त्यांना सेलरमध्ये पाच वर्षं ठेवून त्या चांगल्या होत नाहीत, उलट फळाचा सुवास जातो. खरं सेलर लागतं ते रिझर्व रेड्सना (मुरवायच्या रेड वाईन्सना), म्हणजे अकलूजच्या फ्रातेल्ली वाईनरीची सेत्ते किंवा ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेल्या शिराझ, कॅबरने, या वर्गातल्या. त्यांना तुम्ही 13 अंशात स्थिर ठेवलं तर पाच-सात वर्षांत त्या फार सुंदर उलगडतात. तापमान 13 की 15 यावर वाद घालत बसू नका, स्थिर ठेवा. रोज चार अंश वरखाली होणारं सेलर कायम 16 वर राहणाऱ्या सेलरपेक्षा वाईट, कारण वाईन फुगते-आकसते आणि बूच श्वास घ्यायला लागतं.

आडवी ठेवायची ती बूचवाली, बूच ओलं राहावं म्हणून. आपल्या बऱ्याच भारतीय वाईन्सना स्क्रू कॅप असते, सुलाच्या बहुतेकांना तर आहेच, त्या उभ्या ठेवल्या तरी काही होत नाही. त्यामुळे सगळं रॅकिंग आडवंच करायची गरज नाही, खाली एक साधी फळी ठेवा, लवकर प्यायच्या बाटल्या तिथे उभ्या. लेबलं पावसाळ्यात बुरशी धरतात, चांगल्या बाटलीला पातळ क्लिंग फिल्म गुंडाळून ठेवा. आणि फिनाईल, ब्लीचिंग पावडर तिथे कधीच नको. क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आले की ज्या द्रव्याने वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो ते तयार होऊ शकतं, वाईनरीत आम्ही याला फार जपतो. गरम पाणी आणि साधा ब्रश पुरतो. जिन्याखाली पाण्याची मोटर किंवा वॉशिंग मशीन असेल तर ती हलवा, सततचं कंपन नको.

फ्रान्समधून_वैदेही

मी फ्रान्समध्ये राहते, राँस शहरात शॅम्पेनची तळघरं पाहिलीत. रोमन काळापासूनच्या चुनखडकाच्या खाणी आहेत, तीसेक मीटर खोल, वर्षभर 10-12 अंश, आणि 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यात. तिथे उतरल्यावर जो परिणाम होतो तो फक्त जुन्या दगडाचा, अंधाराचा आणि एकाच तऱ्हेच्या हजारो बाटल्यांच्या रांगांचा, सजावट म्हणून काहीच केलेलं नाही. इथे माझ्या ओळखीच्या घरांतली सेलर्स पण अशीच, खाली वाळू-खडी, एखादा बल्ब, आणि प्रत्येक कप्प्याला खडूने लिहिलेली पाटी. त्यामुळे शिल्पाताईंचे कडप्प्याचे कोनाडे वाचून मला खूप आनंद झाला. एकच सुचवते, प्रत्येक कोनाड्यावर स्लेटची छोटी पाटी लावा, काय आहे, कोणत्या सालाची आहे, कधी प्यायची. नाहीतर लोक चांगली बाटली विसरतात आणि ती उतरून जाते.

सातपूरकर_वकील

सगळ्यांनी बांधकामाचं सांगितलं, एक महत्त्वाचं राहिलं. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि घरी दारू बाळगायला, पिण्याला परवाना लागतो, वाईनसुद्धा त्यातच येते. परवाना असला तरी एका माणसाने किती बाळगायची याला मर्यादा आहे. दोनशे बाटल्यांचं रॅक ऑर्डर करायच्या आधी राज्य उत्पादन शुल्कच्या जिल्हा कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या, नवरा-बायको दोघांचे परवाने वेगळे काढा, आणि प्रत्येक बाटलीचं बिल जपून ठेवा. सेलर सुंदर असलं आणि कागद नसले तर ते घरातल्या माणसांना त्रासाचं होईल.

गंगापूररोडची_मी

इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून धन्यवाद सगळ्यांना. काच रद्द केली, नवऱ्यालाही वाचायला दिलं. वकील साहेब, परवाने दोघांचे आहेत पण मर्यादेचं डोक्यात नव्हतं, उद्याच जाते, आणि त्यावरून संख्या ठरवते. पावसाळाभर खोली रिकामी ठेवून बघणार. एक विचारायचं राहिलं, लाइट गेली तर काय? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी दोन-तीन तास जाते. इन्व्हर्टरवर ते युनिट चालवायचं का?

कोल्डरूमवाला_पिंपळगाव

नाही ताई, घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर सुरू होताना फार ओढतो, त्याची गरजही नाही. भरलेल्या बाटल्या आणि तो कडप्पा स्वतःच गारवा धरून ठेवतात. दोनशे बाटल्या, 80 मिमीचं पॅनल आणि काच लहान असेल तर दोन-तीन तासांत जेमतेम अंश-दोन अंश वर जाईल, दार उघडू नका एवढंच. रिकामं सेलर मात्र पटकन तापतं, म्हणून सुरुवातीला बाटल्या कमी असतील तेव्हा रिकाम्या कोनाड्यांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. आणि युनिटला स्टॅबिलायझर नक्की लावा, लाइट परत येताना व्होल्टेज उसळतं, कॉम्प्रेसर त्यातच जातात. तापमापक दोन लावा, एक वरच्या कोनाड्यात आणि एक खाली, दोन्हींत दोन अंशापेक्षा जास्त फरक आला तर हवा नीट फिरत नाहीये असं समजा आणि युनिटचा झोत कुठल्या रॅकवर अडतोय ते बघा.