यलोनाइफची सरकारी घरं : बांधायचा पैसा कळला, दुरुस्तीचा कुठून येतो?

बेसारोडचे_काका

राजेहो, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

नागपुरात सरकारी घरं बांधणाऱ्या एका खात्यात मी ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो अन् डेप्युटी होऊन सुटलो. मुलगी नर्स आहे, कॅनडाच्या पार उत्तरेत यलोनाइफला. मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं महिनाभर जाऊन आलो. रात्री बारालाही लख्ख उजेड. हिनं खिडकीला आतून ब्लँकेट ठोकलं तेव्हा कुठं डोळा लागला.

बाकीचे लोक तिथं तलाव पाहतात. मी घरांच्या खाली वाकून पाहत होतो अन् जावई लाजून राहिले होते.

एक दिवस बेचोकोला गेलो. त्लिचो आदिवासींचं गाव, शंभरेक किलोमीटर. खालची जमीन बारमाही गोठलेली, वरचा थर उन्हाळ्यात सुटतो, म्हणून डांबरी रस्ता असा वरखाली झालेला की थर्मासचं झाकण उघडायची सोय नाही. गावातली घरं लाकडी, जमिनीपासून दोन-तीन फूट उचललेली. खाली लाकडी ठोकळ्यांची चळत, त्यावर स्क्रू जॅक. एका घराखाली एक माणूस उताणा पडून पाना फिरवत होता. दुसरा आत उंबऱ्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून बसलेला, अन् दर अर्ध्या मिनिटानं काहीतरी ओरडायचा. दार घासत होतं म्हणून आख्खं घर लेव्हलला आणणं चालू होतं!

मला आपली काळी माती आठवली. पावसाळ्यात फुगते, मेमध्ये भेगेत पंजा जातो, जोतं उलतं. म्हणून तर आपण अंडर-रीम्ड पाइल टाकतो, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले. रोग तोच, तिथं पाण्याऐवजी बर्फ. घराची ऊब खाली गेली तर बर्फ वितळून घर खचेल, म्हणून मधून गार वारं खेळतं ठेवायचं. हे मला समजलं. समजलं नाही ते पैशाचं.

तिथं सरकारी घराचं भाडं भाडेकरूच्या कमाईवर ठरतं म्हणे. कमाई नाही तर भाडं नाममात्र. मग पाना फिरवणाऱ्याचा पगार कोण देतो? आमच्या वेळची एक गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकातली एक स्कीम. चाव्या वाटल्या, फीत कापली, पेढे झाले. सहा वर्षांनी टाकीची मोटर जळली. वाइंडिंगचे आठ हजार कोणी द्यायचे यावर फाइल चार महिने फिरली. मीच फिरवली. शेवटी शेरा आला, "सोसायटी स्थापन झाल्यावर पहावे." तोवर बायांनी तीन मजले हंडे चढवले. त्यातली एक आजी मला रोज जिन्यात थांबवून विचारे, "साहेब, आली का तुमची मोटर?" तुमची!

अन् दुसरं, बाजूला हिऱ्याच्या खाणी आहेत. तो पैसा जातो कुठं? आपल्यासारखंच आहे का, की कोळसा आमचा अन् राख पण आमची?

प्रतापनगरची_माई

काका नमस्कार. मी यलोनाइफच्या सरकारात चार वर्षं हिशेब खात्यात होते, आता एडमंटनला आहे.

आधी हिऱ्यांचं. यलोनाइफ ज्याची राजधानी तो नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रांत नाही, 'टेरिटरी' आहे, म्हणजे आपल्या केंद्रशासित प्रदेशासारखा. जमीन आणि खनिजं २०१४ पर्यंत ओटावाच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारच्या, हातात होती. १ एप्रिल २०१४ ला ती यलोनाइफच्या सरकारकडे आली. पण रॉयल्टी (खाणवाल्यानं खनिजापोटी सरकारला द्यायचा वाटा) सगळी नाही, निम्मी, आणि तीही ठराविक मर्यादेपर्यंत. उरलेली निम्मी ओटावा आपल्या अनुदानातून वळती करून घेतं. मिळालेल्या निम्म्यातला पाव भाग करारात सामील आदिवासी सरकारांना जातो. आणि रॉयल्टी आपल्यासारखी मालाच्या किमतीवर नसून नफ्यावर, ५ ते १४ टक्के अशी चढत जाते. खाण नवी असताना उभारणीचा खर्च वजा होतो, त्यामुळे पहिली वर्षं हाती फारसं लागत नाही.

लोकांना वाटतं सरकार हिऱ्यांवर चालतं. तसं नाही. बजेटचा निम्म्याहून बराच जास्त भाग ओटावाच्या अनुदानाचा असतो. शिवाय खाणीतले पुष्कळ कामगार दोन आठवडे विमानानं येतात, दोन आठवडे दक्षिणेत घरी. त्यांचा आयकर त्यांच्या राहत्या प्रांताला. (माझ्या शेजारचा असाच आहे. हिरे तिकडे काढतो, कर अल्बर्टाला भरतो.)

आता तुमचा पानावाला. बहुतेक गावांत स्थानिक गृहसंस्था असते. तीच घर वाटते, भाडं घेते, दुरुस्तीची माणसंही तिचीच. तिला पैसे हाउसिंग एनडब्ल्यूटी देतं, म्हणजे पूर्वीचं गृहनिर्माण महामंडळ. भाड्यातून खर्चाचा किरकोळच भाग निघतो. बाकी टेरिटरी आणि ओटावा. पण ओटावानं १९९३ मध्ये नवीन सामाजिक घरांना पैसा देणं थांबवलं, आणि जुन्या घरांच्या देखभालीचा निधी दरवर्षी कमी होत २०३८ ला शून्यावर येणार. घरं तेव्हा असतीलच. फाइल तुमच्यासारखीच फिरते काका, फक्त इंग्रजीतून.

कोळसावाला_पोट्टा

माईंनी किमतीचा विषय काढला म्हणून. आपल्याकडे कोळशावर किमतीच्या १४ टक्के रॉयल्टी राज्याला मिळते. त्यावर खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं : जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के, ते जिल्ह्यातच राहायचं. म्हणजे काका, आपल्याकडे लोक म्हणतात ना, "पैसा सगळा मुंबईला जातो", ते आता पूर्ण खरं नाही. जिल्ह्यात येतो. आल्यावर त्याचं सभागृह होतं, कमान होते, हायमास्ट होतो. खाणीला लागून असलेल्या आमच्या गावात हायमास्ट आहे अन् त्याखाली टँकरची रांग. मोटरच्या वाइंडिंगचं अंदाजपत्रक कोणी टाकतच नाही, उद्घाटन नसतं ना त्याचं.

एक शंका. माणूस कामाला लागला की भाडं वाढणार असेल तर तो कामाला लागेल कशाला?

प्रतापनगरची_माई

बरोबर पकडलंत. हीच तिथली जुनी ओरड. हंगामी काम मिळालं की भाडं वाढायचं, काम सुटलं तरी कागदावरचं भाडं खाली यायला वेळ, तोवर थकबाकी. २०१२ मध्ये भाड्याच्या पायऱ्या केल्या, म्हणजे थोडी कमाई वाढली तरी भाडं तेच. जुन्या थकबाकीचं दुखणं मात्र राहिलंच.

बर्फावरचा_साइट_इंजिनिअर

मी रस्त्यांच्या कामावर होतो, तेवढंच बोलतो. तिथं दुरुस्ती महाग का, तर खिळासुद्धा ऋतू बघून येतो. बऱ्याच गावांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या नदी-तलावांवरून ट्रक, उन्हाळ्यात मॅकेन्झी नदीतून बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी. खाणींचा हिवाळी रस्ता सुमारे ४०० किलोमीटर, बहुतेक तलावांवरून, आणि वर्षातून जेमतेम दोन महिने. भरलेला ट्रक बर्फावर ताशी २५ च्या आसपास. जोरात गेलं तर बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि तीच पुढचा बर्फ फोडते. २००६ चा हिवाळा उबदार निघाला, रस्ता लवकर बंद पडला आणि डिझेल विमानानं न्यावं लागलं. अलीकडे नदीचं पाणी इतकं उतरलं की २०२४ मध्ये नॉर्मन वेल्स गावाच्या बार्जच रद्द झाल्या.

काका, तुम्हाला आवडेल असं एक : इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा १३८ किलोमीटरचा रस्ता २०१७ ला उघडला. त्यात कटिंग, म्हणजे जमीन खोदणं, जवळजवळ नाहीच. गोठलेल्या जमिनीवर जिओटेक्स्टाइल (मातीकामाचं मजबूत कापड) अंथरायचं आणि वरून भराव. तोही मुख्यतः हिवाळ्यात, उणे तीस-चाळीसमध्ये. वरचा शेवाळाचा थर सोलला की खाली सगळा चिखल.

बेसारोडचे_काका

भराव हिवाळ्यात? बाप्पा! अन् आम्ही जानेवारीतल्या सकाळी काँक्रीटला जपत होतो.

माई, २०३८ वाचून आत काहीतरी हललं. म्हणजे त्या घरांचा शेराही आधीच लिहून ठेवलेला आहे. काल मुलीशी बोललो. ती ओल्ड टाउनमध्ये भाड्यानं राहते, तिथंही पाइप नाही. पाणी ट्रकनं येतं, मैला ट्रकनं जातो. मैल्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद, म्हणजे घाण बाहेर सांडायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, वा, डिझाइन चांगलं आहे. ती म्हणाली, "बाबा, डोक्याला शॅम्पू लावलेला असतो तेव्हा डिझाइन आठवत नाही."

पोट्ट्या, हायमास्टचं खरं बोललास. तुझ्या गावातल्या टँकरची वेळ काय? आमच्या ले-आउटचा आज अजून आला नाही, अन् हिनं आत्ताच कूलरमध्ये शेवटची बादली ओतली.