मदत हवी आहे: ब्रिटिश हाँगकाँगमधल्या टीव्ही प्रक्षेपणांचा प्रताधिकार कसा मोजायचा?

प्रश्नकर्ता:
हाँगकाँगच्या सुरुवातीच्या टीव्हीवर माहितीपट करायचा आहे. तो यूट्यूबवर जाणार, म्हणजे हाँगकाँगमध्येही दिसणार. तीन तुकडे वापरायचे आहेत: रेडिफ्युजन या टीव्ही कंपनीचा 1965 चा, टीव्हीबी या वाहिनीच्या ‘एन्जॉय युअरसेल्फ टुनाइट’ या मनोरंजन कार्यक्रमाचा 1968 चा आणि टीव्हीबीच्या 1976 च्या बातम्या. ब्रिटनचा 1956 चा कायदा प्रक्षेपणाला 50 वर्षं देतो. म्हणजे पहिले दोन 2015 आणि 2018 अखेर मोकळे झाले, तिसरा 2026 अखेर होईल. हिशोब बरोबर आहे का?

सनदबाज:
तिसरी तारीख बरोबर आहे, पहिल्या दोन नाहीत. 1956 चा कायदा हाँगकाँगला लागू झाला तो 12 डिसेंबर 1972 रोजी, खास हुकमानं (1972 चा क्रमांक 1724). तोवर तिथे 1911 चाच कायदा होता आणि त्यात ‘प्रक्षेपण’ हा प्रकारच नव्हता. 1956 च्या कायद्याचं कलम 14 प्रक्षेपणाला जे संरक्षण देतं, ते मागच्या तारखेनं मिळत नाही. त्यामुळे 1968 च्या प्रक्षेपणावर स्वतंत्र हक्क कधी जन्मलाच नाही, तो संपण्याचा प्रश्नच येत नाही.

रेडिफ्युजनचं कारण आणखी वेगळं. 29 मे 1957 पासून ती सेवा तारेनं घरोघरी जात होती, बिनतारी झाली 1973 मध्ये. 1956 च्या कायद्यात प्रक्षेपण म्हणजे फक्त बिनतारी. तारेवरचा कार्यक्रम त्या व्याख्येत बसतच नाही.

1976 ची 50 वर्षं त्या वर्षाच्या अखेरपासून मोजा, म्हणजे 31 डिसेंबर 2026. पुनःप्रक्षेपणानं ही मुदत वाढत नाही.

प्रश्नकर्ता:
म्हणजे पहिले दोन आजच बिनधास्त वापरू?

रीळवाला:
नका! प्रक्षेपणाचा हक्क नाही म्हणजे आतल्या मालावर हक्क नाही, असं होत नाही. संहिता आणि संगीत यांना हाँगकाँगमध्ये लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 50 वर्षं संरक्षण आहे. ‘एन्जॉय युअरसेल्फ टुनाइट’ थेट जायचा, त्यामुळे मुळात फिल्म नसेल. पण त्यात गायलेली गाणी आहेतच. आज तुमच्या हाती जी प्रत आहे ती कशावरून आली, पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली की टेपवरून, हे आधी शोधा. रेडिफ्युजनचा तुकडा बाहेरून आणलेल्या चित्रपटाचा असेल तर त्या चित्रपटाचा मालक वेगळा.

खरी अडचण 1976 च्या बातम्यांत येईल. त्यातलं वार्तांकन फिल्मवर चित्रित असेल तर फिल्मचा हक्क वेगळा चालतो. 1956 च्या कायद्यात फिल्मची 50 वर्षं प्रकाशनापासून मोजली जात, आणि टीव्हीवर दाखवणं हे प्रकाशन नव्हे. लोकांना प्रती विकल्या किंवा भाड्यानं दिल्या, तरच. म्हणून प्रक्षेपण 2026 अखेर सुटलं तरी आतली फिल्म अडकलेली राहू शकते. वृत्तनिवेदकाचा थेट भाग आणि फिल्मवरचा भाग वेगळे काढून, दोन्हींची परवानगी स्वतंत्र मागा.

प्रश्नकर्ता:
आणि नुसती स्थिरचित्रं घेतली तर? कलम 14 मध्ये हलतं चित्र वाटेल इतकी दृश्यमालिका लागते, असं वाचलं होतं.

सनदबाज:
ते जुन्या कायद्यापुरतं. 27 जून 1997 पासून हाँगकाँगचा स्वतःचा प्रताधिकार कायदा (तिथल्या भाषेत ‘ऑर्डिनन्स’, प्रकरण 528) आहे आणि आजचा वापर त्यानुसार तपासला जातो. त्यात एकाच चित्राचा फोटो घेणं हीसुद्धा नक्कलच. ब्रिटनमध्ये 1956 चा कायदा 1989 मध्ये गेला, हाँगकाँगमध्ये तो 1997 पर्यंत होता. त्यामुळे ब्रिटिश पुस्तकांतल्या तारखा तशाच उचलू नका. भारतातली प्रक्षेपण-हक्काची 25 वर्षंही इथे कामाची नाहीत.

रीळवाला:
पहिल्या प्रक्षेपणाची तारीख पुराव्यासह हवी. हाँगकाँग सार्वजनिक ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहात ‘वा किउ यात पो’ आणि ‘कुंग शेउंग’ ही चिनी वृत्तपत्रं आहेत. त्यातला टीव्हीचा तक्ता पाहा. डिसेंबर 1972 चा तुकडा असेल तर महिना पुरणार नाही, दिवस लागेल, कारण कायदा लागू झाला तो 12 तारखेला. पानाची प्रतिमा वृत्तपत्राच्या तारखेसकट जपून ठेवा, यूट्यूबवर हरकत आली तर तो पुरावा कामी येईल.