ग्रीनलीफचा पुरावा कोर्टात टिकेल का?

(‘फेरतपासणी’ आणि ‘वसईकर’ या नावांनी लिहिणाऱ्या दोघांमधला वाद.)

फेरतपासणी: येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे मरणानंतर पुन्हा जिवंत उठण्याचा, पुरावा ‘कुठल्याही कोर्टात टिकेल’ असं सांगताना सायमन ग्रीनलीफ यांचं नाव हमखास येतं. हार्वर्डमध्ये कायदा शिकवणाऱ्या या माणसाने पुराव्याच्या कायद्यावर गाजलेला ग्रंथ लिहिला आणि १८४६ मध्ये तेच नियम चार शुभवर्तमानांना, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या बायबलमधल्या येशूच्या चरित्रांना, लावले. जुना दस्त योग्य ताब्यातून आला, वर बनावटीच्या खुणा नसल्या, तर तो अस्सल धरावा, हा त्यांचा पाया.

हाच नियम आपल्याकडे पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये होता. दस्त तीस वर्षांचा हवा. पण त्यातून गृहीत धरतात ती सही आणि हस्ताक्षर, तेही मूळ दस्ताचं, नकलेचं नाही. आतला मजकूर खरा आहे हे वेगळं शाबीत करावं लागतं. शुभवर्तमानांची मूळ प्रत एकही उरलेली नाही. मार्कच्या १६व्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाहीतच. मार्कमध्ये उठलेला येशू लोकांना दिसतो तो भाग नेमका याच वचनांत आहे!

वसईकर: तुम्ही सोयीचं तेवढं घेताय. थडग्यापाशी कोण गेलं, याबद्दल चौघांचे तपशील जुळत नाहीत. पढवलेले साक्षीदार असते तर जुळले असते. आणि मेलेल्यांची उलटतपासणी कोण घेणार? मग सगळा प्राचीन इतिहासच निकालात काढा.

फेरतपासणी: इतिहास म्हणून जरूर तपासू. पण मग कोर्टाचं नाव घेऊ नका. ते घेतलं की ऐकीव पुराव्याचा आक्षेपही येणारच. लूक सुरुवातीलाच सांगतो, की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी आमच्यापर्यंत पोचवलं ते मी लिहितोय. आणि मत्तयमध्ये मार्कचा बहुतेक मजकूर आलाय, बरेचदा शब्दही तेच. हे दोन स्वतंत्र साक्षीदार कसे?

वसईकर: आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याच्या पत्रांचं काय? करिंथकरांना पहिलं पत्र घटनेनंतर पंचवीसेक वर्षांतलं. पाचशेहून अधिक जणांनी येशूला पाहिलं, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो लिहितो. खोटं बोलणारा असं आव्हान देईल?

फेरतपासणी: त्या पाचशेंपैकी एकाचंही नाव नाही, ठिकाण नाही, जबाब नाही. करिंथ ग्रीसमध्ये. तिथल्या माणसाने चौकशी करायची ती कोणाकडे?

वसईकर: त्याच यादीत येशूचा शिष्य पेत्र आणि भाऊ याकोब नावानिशी आहेत. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो, की तो यरुशलेमला जाऊन दोघांना भेटला. तेवढं तरी ऐकीव म्हणून झटकू नका.