एनसीसी एएलसीला नाव गेलंय, महिन्याभरात तयारी कशी करू?

रानवाट_सातारा
नमस्कार. एसडब्ल्यू (सीनियर विंग, कॉलेजच्या मुलींचा विभाग) कॅडेट आहे, दुसरं वर्ष. सीएटीसी (एनसीसीचं वार्षिक प्रशिक्षण शिबिर) झालाय, आता ॲडव्हान्स लीडरशिप कॅम्पसाठी (एएलसी) नाव गेलंय आणि कॅम्प परराज्यात आहे. सीएटीसीसारखं ड्रिल-फायरिंग कमी आणि एसएसबीच्या (सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणारं मंडळ) चाचण्यांची तालीम जास्त, असं सीनियर सांगतात. बूट, सामान, जीटीओ टास्क (गट-चाचणी अधिकारी घेतात ती कामं), इंग्रजी, सगळ्याचीच धाकधूक आहे. काय आधी करू?

बूटपॉलिश
आधी पाय. युनिटचे बूट आजच स्टोअरमधून काढून घे. आदल्या दिवशी नवे बूट घेऊन गेलेल्यांच्या टाचेला दुसऱ्या दिवशी फोड ठरलेलाच. पहिला आठवडा घरातच रोज तासभर घाल, मग चालायला आणि शेवटच्या आठवड्यात धावायला. टाच आत वर-खाली सरकली की घासते आणि घामाने भिजलेली कातडी लवकर सोलवटते. म्हणून लेस घोट्याशी आवळून, पंजावर सैल. आत पातळ सुती मोजा, वर लोकरी. टाच नुसती लाल दिसली तरी लगेच चिकटपट्टी लाव, फोड यायची वाट बघू नकोस. आलाच तर फोडायचा नाही. नखं सरळ काप. कोपरे गोल केले की अंगठ्याचं नख आत रुततं.

काटकोन
वरच्या सल्ल्यात एक भर: दोन मोजे तेव्हाच, जेव्हा बूट अर्धा नंबर मोठा असेल. नाहीतर बोटं दाबली जातात आणि फोड टाचेऐवजी करंगळीला येतो. स्टोअरमध्ये दोन्ही मोजे घालूनच माप बघ.

लंगर_ड्युटी
सामानाचं थोडक्यात. मेडिकल फिटनेस, पालकांच्या सहीचं संमतीपत्र, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती, पासपोर्ट फोटो एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि त्या सगळ्याचा दुसरा संच बॅगेत वेगळा. रिपोर्टिंगला एक कागद कमी पडला तर उगाच रांगेबाहेर उभं राहावं लागतं. ताट, मग, बूट, पाण्याची बाटली, सगळ्यावर ऑइल पेंटने नाव आणि युनिट. मार्कर धुण्यात जातो. कुलूप दोन किल्ल्यांचं. बेरे (टोपी), हॅकल (टोपीवरचा तुरा), लॅनयार्ड (खांद्यावरची दोरी) आणि नेमप्लेट हातातल्या बॅगेत, होल्डॉलमध्ये नको. दागिने घरी.

जुलाब झाले तर लाजून लपवू नकोस, एमआय रूमला (कॅम्पचा दवाखाना) जा. तोवर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त पडलं तर अपायच होतो.

फळी_बल्ली_दोर
जीटीओवर सविस्तर लिहितो, कारण जोरात ओरडणारा तो लीडर असा गैरसमज इथेच दिसतो.

प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये एकामागून एक चार अडथळे, मदतीला फळी, बल्ली (लाकडी वासा), दोर आणि सोबत न्यायचं ओझं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेमधली जमीन वापरायची नाही. 4 फुटांपेक्षा जास्त अंतरावर उडी नाही, तिथे पूल करायचा. फळी आणि बल्ली एकमेकींना बांधून लांबी वाढवता येत नाही. अडथळ्याच्या लाल रंगवलेल्या भागाला कुणीच शिवायचं नाही. बाकी रंगांचे नियम सुरुवातीला सांगतात ते नीट ऐक; निम्मे गट तेवढ्यावरच अडतात.

आता खरी मेख. 8 फुटी फळी अर्धी पुढे काढली, म्हणजे 4 फूट पुढे आणि 4 मागे, तर मागच्या टोकावर एक आणि पुढच्या टोकावर एक अशा सारख्या वजनाच्या दोघी जेमतेम तोलल्या जातात. पुढची जरा हलली की फळी कलंडते. 3 फूटच पुढे काढ, मागे 5 राहू दे. एकीच्या भारावर काम होतं. आधी मागचीने उभं राहायचं, मगच पुढचीने पाऊल टाकायचं. हा क्रम उलटला की धडपड झालीच. दुसरी नेहमीची चूक: पुढे गेलेल्या सगळ्या पुढच्याच अडथळ्याकडे बघतात आणि दोर मागे राहतो. शेवटची कोण, तिचा भार कोण घेणार, हे पहिली निघायच्या आधी ठरलं पाहिजे. कल्पना दुसरीची असली तरी फळी धरायला तूच पुढे हो. ते नोंदलं जातं.

इंडिव्हिज्युअल ऑब्स्टॅकल: 10 अडथळे, 1 ते 10 गुण, 3 मिनिटं. आकड्यांच्या क्रमाने पळायची सक्ती नाही. आधी मैदान बघून जवळजवळचे अडथळे जोड. दोरावर नुसत्या हातांनी चढू नकोस. एका पावलावरून दोर घेऊन दुसऱ्या पावलाने दाब, वजन पायांवर येतं. महिनाभर आठवड्यातून तीनदा एवढं जमव.

रानवाट_सातारा
खूप आभार! इंग्रजीचं काय? मराठी माध्यम आहे.

काटकोन
ड्रिलचे शब्द हिंदीत, आपसात हिंदी चालून जाते. लेक्चरेटला मात्र इंग्रजीची सवय हवी: चिठ्ठीवरच्या चार विषयांतला एक निवडायचा, 3 मिनिटं तयारी, 3 मिनिटं बोलणं. रोज एका बातमीवर घड्याळ लावून बोल. बहुतेकांचं दीड मिनिटात संपतं, म्हणून तीन मुद्दे आणि प्रत्येकाला एक उदाहरण एवढंच टिपण कर. लहान, सरळ वाक्यं पुरतात.

वर्ड असोसिएशनमध्ये (दाखवलेल्या शब्दावरून सुचेल ते वाक्य लिहायचं) 60 शब्द, प्रत्येकी 15 सेकंद. गाइडमधली पाठ वाक्यं लिहू नकोस. साठही वाक्यं सलग वाचली की सुविचारांचा फळा ओळखू येतोच.

लंगर_ड्युटी
आणि मच्छरदाणी. बांबू मिळतीलच असं नाही. चारही कोपऱ्यांना दोन-दोन मीटर नाडी आधीच बांधून ने.