आमचं भजन सुरू झालं आणि पाहुणे उठून गेले, ज्यू लोकांत बायकांनी गायलेलं चालत नाही का?

सांगलीची_सूनबाई:
आम्ही विश्रामबागच्या दहा-बारा जणी भजनी मंडळ चालवतो. मागच्या महिन्यात दिरांच्या तासगावच्या द्राक्षबागेत नवीन शेडचं उद्घाटन होतं, तिथं आम्हीच गायला. ठिबकचं काम बघायला इस्रायलचे एक पाहुणे आलेले, डोक्यावर छोटी गोल टोपी, माणूस एकदम साधा, सगळ्यांशी हसून बोलणारा. मी अभंगाची पहिली ओळ घेतली आणि हे उठून सरळ बागेत गेले, भजन संपल्यावरच परत आले. जाऊबाई म्हणाल्या आवाज आवडला नसेल, मला त्या रात्री झोप लागली नाही बघा. दिरांनी विचारलं तर म्हणे आमच्या धर्मात परक्या बाईचं गाणं पुरुषानं ऐकायचं नाही. पण माझी ठाण्याची मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडची मराठी बोलणारी ज्यू आहे, तिच्याकडं मेंदीला बायका मराठीत गात होत्या आणि पुरुष समोर बसलेले मी स्वतः बघितलंय. मग खरं काय?

जुनी_वही:
ताई, मनाला लावून घेऊ नका. याला हिब्रूत 'कोल इशा' म्हणतात, म्हणजे बाईचा आवाज. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात शमुएल नावाच्या रब्बींचं, म्हणजे धर्मगुरूंचं, मत आहे की बाईचा आवाज हा झाकायच्या अवयवासारखा, आणि त्याला आधार दिलाय बायबलातल्या गीतरत्न या पुस्तकातल्या 'तुझा आवाज गोड आहे' या ओळीचा. म्हणजे आवाज गोड आहे हे धरूनच नियम केलाय! तुमचं भजन दुसऱ्या देवाचं, तोही प्रश्न कडक ज्यू माणसाला असतोच, पण त्यांनी स्वतः गाण्याचं कारण सांगितलंय. आणि बंधन ऐकणाऱ्या पुरुषावर असतं म्हणून ते स्वतः उठले, तुम्हाला थांबा म्हणाले नाहीत.

मिरजेचा_तंबोरा:
थांबा म्हणाले नाहीत हे बरोबर, पण असे ऐकणारे जास्त झाले की बाईचं स्टेजच जातं, त्याचं काय? 2011 साली इस्रायलच्या सैन्यात कार्यक्रमात बायका गायला लागल्या तसे काही धार्मिक कॅडेट बाहेर पडले, परत या असा हुकूम मोडला म्हणून चौघांना ऑफिसर कोर्समधून काढलं, तिथं केवढा वाद झाला. माझा जन्म मिरजेतला, गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्मही इथलाच, 1905 चा. घरंदाज बाईनं तिकीट लावून लोकांपुढं गाणं हे त्या काळी आपल्याकडंही कुणाला पटत नव्हतं, त्या बसून गायल्या म्हणून पुढच्या मुलींना वाट मिळाली. त्यामुळं मला हा नियम पटत नाही, पाहुण्यांचा राग नाही.

आलिबागची_लेक:
मी बेने इस्रायली, लग्न होऊन साताऱ्यात आले. ताई, तुमच्या मैत्रिणीकडं बघितलंत ते खरंच. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, बायका वेगळ्या बसतात, प्रार्थना हझान म्हणजे प्रार्थना गाणारा पुरुष म्हणतो, पण घरात मलिदा हा आमचा नैवेद्याचा विधी असला, पोहे-गूळ-खोबऱ्याचं ताट मांडलं की एलियाहू हन्नावीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, गाणं सगळे मिळून म्हणतात, माझ्या आजीचा आवाज सगळ्यात वर असायचा. आमच्यात मराठी कीर्तनसुद्धा आहे, 1880 च्या सुमाराला मुंबईत सुरू झालेलं, योसेफ आणि मोशेची आख्यानं आपल्याच चालींवर, आणि ती पदं आज बायकांनीच जपलीत. कोचीनच्या ज्यू बायका तर मल्याळम गाणी वह्यांत उतरवून ठेवायच्या आणि पुरुषांदेखत म्हणायच्या. 1925 साली डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत सुधारक मताची ज्युईश रिलिजस युनियन काढली, त्याही आमच्याच.

जुनी_वही:
सुधारकांचा विषय निघालाच म्हणून सांगतो, अमेरिकेत रिफॉर्म पंथानं 1975 ला पहिली बाई दीक्षा देऊन कॅन्टर केली, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारी, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानं 1987 ला. ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुने नियम कडक पाळणाऱ्या पंथामध्येसुद्धा एकच मत नाही. त्यातल्याच रब्बी वाइनबर्ग यांनी फ्रान्सच्या युवक मंडळात मुलामुलींना शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, गाणी एकत्र म्हणू दिली, त्यात जर्मनीतल्या जुन्या रब्बींचा आधार होता की दोन आवाज एकदम आले तर वेगळा एक ऐकू येत नाही. आणि बायबलात दबोरा ही संदेष्टी बाराक या सेनापतीबरोबर गातेच की.

सांगलीची_सूनबाई:
जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. पाहुणे पुढच्या हंगामात छाटणीला परत येणार आहेत, तेव्हा आधी सांगीन आम्ही किती वाजता गाणार ते, म्हणजे त्यांना मध्येच उठायला नको. भजन मात्र होणार. आलिबागच्या ताई, सातारा लांब नाही, मलिद्याचं ते गाणं मला शिकवाल का? चाल फोनवर पाठवली तरी चालेल.

आलिबागची_लेक:
फोनवर नको, घरीच या. पोहे भिजवून ठेवते.